फाल्क नॉयबर्टचं चौदावं वर्ष

आमच्या वेर्निट्सच्या नाट्यगृहात मी प्रॉम्प्टर आहे. पहिल्या रांगेतली उजव्या टोकाची खुर्ची माझी. मांडीवर संहिता, हातात छोटा दिवा आणि डोळे नटाच्या तोंडाकडे. लोकांना वाटतं, हिला सगळी नाटकं पाठ असतील. मला एकही नाटक पाठ नाही, मला नट पाठ आहेत. कोण कुठल्या वाक्याला अडखळणार, कोण घाबरून माझ्याकडे बघणार, हे मी तालमीच्या पहिल्या आठवड्यात सांगू शकते. फाल्क नॉयबर्टनं मात्र माझ्याकडे कधी बघितलं नाही. विसरायचा तोही, पण प्रेक्षकांना थांगपत्ता लागू द्यायचा नाही. मनानं दोन वाक्यं जोडायचा आणि पुढं जायचा. लेखक मेलेला असला की हे खपून जातं.

त्याच्याविषयी सांगायचं म्हणजे सुरुवात कुठून करायची हीच पंचाईत. आमच्या बाजारातली पाववाली त्याला डिसेंबरातल्या परीकथेतलं पाणभूत म्हणून ओळखते. तिच्या आईला तो टीव्हीवरचा मुडदा म्हणून माहीत आहे. आणि तिच्या मुलाच्या लेखी तो फक्त ‘लेथवाला’. तिघांचंही खरं आहे. त्यामुळे मी आपली जन्मापासूनच सुरुवात करते.

फाल्क इथलाच, बसनं थोडं पुढं गेलं की लागतं त्या गावचा. बाप लवकर गेला, आई सूतगिरणीत कामाला. शाळा संपल्यावर तो यंत्रांच्या कारखान्यात टर्नरचं, म्हणजे लेथवर लोखंड कातायचं, काम शिकायला लागला. तेव्हा आमच्याकडं प्रत्येक मोठ्या कारखान्याची हौशी नाटक मंडळी असायची. त्यांच्या एका नटाला गालगुंड झालं आणि फाल्कला उंचीवरून त्याच्या जागी उभं केलं. कोट त्याच्या मापाचा होता, एवढीच त्याची पात्रता. पण तालमी कामाच्या वेळेत असत आणि तेवढा वेळ लेथपासून सुटका होई, म्हणून त्याला नाटक आवडायला लागलं. हे त्यानंच मला सांगितलं. कलेची ओढ वगैरे त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

मग बर्लिनची भिंत पडली, देश एक झाला आणि कारखान्याला कुलूप लागलं. किल्ली राहिली उवेकडं. उवे तिथला इलेक्ट्रिशियन, फाल्कचा जिवाभावाचा मित्र. शनिवारी लाइपझिगहून पोरं गाड्या भरभरून यायला लागली. उवेनं टर्निंगच्या खात्यात कपाटाएवढे स्पीकर लावले, यंत्रांवर चादरी टाकल्या आणि नाच सुरू झाला. फाल्क वायरी ओढायचा. एका रविवारी उजाडल्यावरही लोक नाचत होते. छताच्या काचांतून ऊन आत आलं होतं आणि उवेजवळच्या तबकड्या संपत आल्या होत्या. उवेनं फाल्कच्या हातात माईक दिला.

“बोल काहीतरी.”

“काय बोलू?”

“काहीही बोल रे! नट ना तू?”

फाल्कला काही सुचेना. समोर भिंतीवर लेथचे नियम लिहिलेली पत्र्याची पाटी होती. तीच त्यानं वाचायला घेतली. हौशी मंडळीत शिकलेल्या त्या घनगंभीर आवाजात, ठोक्यावर ठोका. “केस टोपीत घ्या. अंगठी काढून ठेवा. बाह्या वर करा. फिरत्या भागाला हात लावू नये.” पोरं वेडी झाली. ज्यांचे बाप अशाच पाट्यांखाली राबून घरी बसवले गेले होते ती पोरं ते नियम ओरडत ओरडत नाचली. पुढं उवेनं त्याची तबकडी काढली. ती हॉलंडमध्ये वाजली, जपानमध्ये वाजली, आणि अजून वाजते.

नाट्यशाळेच्या प्रवेश परीक्षेत तीन उतारे म्हणून दाखवायचे असतात. फाल्कनं दोन रीतसर म्हटले आणि तिसरा म्हणून लेथचे नियम. परीक्षकांतल्या एकानं डोळे पुसले म्हणे. घेतलं त्याला. शाळेनं त्याला चालायला, पडायला, तलवार धरायला शिकवलं आणि त्याच्या तोंडातली आमची सॅक्सन बोली खरवडून काढली. आमच्या बोलीला बाकीचा देश हसतो, त्यामुळे राजाच्या तोंडी ती चालत नाही. शाळेतून बाहेर पडला तो इतकं स्वच्छ बोलायला लागून, की आईनं फोनवर विचारलं, “कोण बोलतंय?”

पुढची काही वर्षं त्यानं समुद्रकाठच्या एका शहरात काढली आणि काही हार्झ डोंगराच्या पायथ्याशी. दोन्हीकडं तेच झालं. नवे संचालक आले की आपली माणसं घेऊन येतात आणि जुन्यांना नारळ देतात. यात वैर नसतं. नवा भाडेकरू भिंतींचा रंग बदलतो तसंच ते. पण भिंतीला बिऱ्हाड हलवावं लागत नाही.

आमच्याकडं आला तेव्हा तो पस्तिशीचा असेल. सगळ्याला हो म्हणणारा माणूस. सकाळी शाळेच्या पोरांसाठी परीकथा, अंगाला हिरवा रंग फासून पाणभूत. पहिल्या रांगेतली पोरं भोकाड पसरायची तेव्हा मी तिथंच बसलेली, कितीदा तरी एखादं माझ्या मांडीवर येऊन पडायचं. संध्याकाळी त्याच कानामागं हिरवा रंग राहिलेला राजा. मधल्या सुट्टीच्या दिवसांत चित्रीकरण. चित्रपटात आणि टीव्हीवर त्याला दोनच भूमिका मिळायच्या, इमारतीचा रखवालदार किंवा मुडदा. रविवारच्या गुन्हेगारी मालिकेत तो इतक्यांदा मेला, की त्याच्या आईनं मोजणं सोडून दिलं. प्रसारण संपलं की तिचा फोन ठरलेला.

“फाल्क्या, आज परत मेलास?”

“हो आई.”

“डोळे उघडे होते की रे! झाकत का नाहीस? शेजारची म्हणते, तुमचा मुलगा मेल्यावरही बघतो.”

“दिग्दर्शकानं सांगितलं होतं, उघडे ठेव म्हणून.”

“त्याला म्हणावं, तू मरून दाखव.”

एकदा रविवारी दुपारी मी त्याच्याबरोबर लाइपझिगला गेले. जुन्या गोदामात कार्यक्रम होता. कानात कापसाचे बोळे घातले तरी माझ्या फासळ्या हलत होत्या. आपला फाल्क टर्नरचा निळा डगला घालून मधोमध उभा. त्यानं “फिरत्या भागाला” म्हटलं की त्याच्या मुलांच्या वयाची पोरं “हात लावू नये!” म्हणून छत डोक्यावर घ्यायची. त्याला स्वतःला मुलं नाहीत, लग्नही नाही. कार्यक्रम झाल्यावर आम्ही बाहेर बाकावर बसून भाजलेलं सॉसेज खाल्लं. मी विचारलं, “एवढे लोक तुझ्या नावानं ओरडतात. मग आमच्या त्या गळक्या नाट्यगृहात जीव का रमतो तुझा?”

त्यानं ताटलीतली मोहरीची चटणी बोटानं पुसून खाल्ली. “चित्रपटात मेलो की घरी जायचं. इथं दिवे लागले की घरी जायचं. नाट्यगृहात उद्या सकाळी दहाला तालीम असते, गुद्रुन.”

याच्याइतकं सरळ तो माझ्याशी कधी काही बोलला नव्हता. नंतर मला ते फार आठवायला लागलं.

आता एक नियम सांगायला हवा, कारण सगळं त्याच्याभोवती फिरतं. आमच्या नाट्यगृहांत नटाचा करार वर्षावर्षाचा असतो. पण एकाच ठिकाणी पंधरा वर्षं झाली की त्याला कुणी काढू शकत नाही. म्हातारा होईपर्यंत तो तिथला. हा नियम नटांच्या भल्यासाठी केला आणि त्याचा परिणाम असा झाला, की चौदावं वर्ष लागलं रे लागलं की संचालकांच्या डोळ्यांत तो माणूस खुपायला लागतो. म्हणून आमच्याकडं वय विचारत नाहीत, कितवं वर्ष ते विचारतात. कँटीनच्या ऊलिगबाई चौदाव्या वर्षातल्या माणसाच्या वाटीत आंबटतिखट रस्स्याचा एक डाव जास्त टाकतात. दवाखान्यातल्या माणसासाठी लोक संत्री नेतात ना, तसं.

फाल्कला चौदावं लागलं आणि हिवाळ्याआधीच त्याची वाटी काठोकाठ भरायला लागली. त्यात संचालकही बदलले. डॉक्टर ओव्हरबेकबाई जर्मनीच्या पश्चिमेकडून आल्या. चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, पायात कायम धावायचे बूट. मी त्यांच्या नावानं बोटं मोडायला तयारच बसले होते, पण बाई कामाच्या निघाल्या. पहिल्याच आठवड्यात गळणारं छप्पर दुरुस्त करून घेतलं. असल्या माणसावर धड रागावताही येत नाही.

कुणाचा करार वाढवायचा नसेल तर संचालकांना ऑक्टोबर संपायच्या आत त्या नटाला बोलावून त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. नटाला सोबत एक माणूस नेता येतो. बहुतेक ठिकाणी हा नुसता उपचार असतो, निर्णय आधीच झालेला असतो. फाल्कला बोलावणं आलं तेव्हा तो कँटीनमध्ये बटाटे खात होता. मला म्हणाला, “येशील?”

“येईन. पण तू काय बोलणार ते आधी सांग.”

“बघू तिथं.”

“बघू काय? पन्नाशी आली तुझी. इथून काढलं तर कोण घेणार आहे तुला? आई आता याच गावात, तुझ्यापासून दोन गल्ल्यांवर. तुझ्या त्या छोट्या मळ्यातली करवंदासारखी झुडपं तूच लावलीस ना? सरळ सांग, मला इथं राहायचंय. एक वाक्य आहे, फाल्क. याहून मोठी तू पाठ केलीस.”

“कळलं.”

“म्हणून दाखव.”

“आता जेवू दे ना!”

ऊलिगबाईंनी काउंटरमागून येऊन त्याच्या डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं केलं. आमच्याकडं रंगमंचावर जाणाऱ्याला अशाच शुभेच्छा देतात. मी म्हटलं, “बाई, तो कचेरीत चाललाय, प्रयोगाला नाही.” तेव्हा मला काय ठाऊक!

ओव्हरबेकबाईंनी कॉफी मागवली होती. खिडकीशी एक लहान टेबल, एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं. त्यांनी फिरवाफिरवी केली नाही.

“नॉयबर्ट, माझा निर्णय झालेला नाही. हे मी नियम म्हणून बोलत नाही, खरोखर झालेला नाही. मला संचात तरुण माणसं हवीत आणि जागा मोजक्या आहेत. तुमची कामं मी पाहिली, मला आवडली. पण तुम्ही चित्रपट करता, संगीताचे कार्यक्रम करता. तुमचं मन नेमकं कुठं आहे ते मला कळत नाही. म्हणून विचारते. तुम्हाला काय हवंय?”

बाई विचारत होत्या आणि त्यांना उत्तर हवं होतं. माझी एवढी वर्षं इतरांच्या तोंडाकडं बघण्यात गेली, मला हे चुकणार नाही. मी फाल्ककडं पाहिलं. त्यानं एक पाय दुसऱ्यावर टाकला, कोपर खुर्चीच्या पाठीवर ठेवलं, डावी भुवई किंचित वर नेली. ही बैठक मला माहीत होती. तीन वर्षांपूर्वीच्या एका विनोदी नाटकात त्यानं पत्त्यांत जहागीर घालवलेला सरदार केला होता. दुसरा अंक, सावकार दारात उभा, आणि सरदार असाच बसतो.

“डॉक्टर ओव्हरबेक,” फाल्क म्हणाला, प्रत्येक अक्षर मोत्यासारखं, “माझी मुळीच काळजी करू नका. माझं कसं आहे, एक दार लागलं की दुसरी दोन उघडतात. चित्रपटवाले मागं लागलेत, जपानचा दौरा कधीचा लांबणीवर टाकतोय. खरं सांगू? तुमच्यासारख्या नव्या माणसाला मोकळा हात मिळायला हवा. आमच्यासारख्या जुन्यांनी अडगळ होऊन बसू नये.”

मी टेबलाखालून त्याला लाथ घातली. त्यानं पाय काढून घेतला आणि हसला. तेही सरदाराचंच हसू.

“किती मोठ्या मनाचे आहात तुम्ही,” बाई म्हणाल्या. त्यांच्या खांद्यांवरचं ओझंच उतरलं. “मला वाटलं होतं, ही भेट फार जड जाईल.”

“बाई, त्याला असं म्हणायचं नाहीये,” मी मध्येच तोंड घातलं.

“गुद्रुनला माझी फार माया,” फाल्क म्हणाला. “आईच्या खालोखाल हीच.”

बाई हसल्या. मी सूडानं माझी कॉफी पिऊन टाकली, जीभ भाजली. दोन मिनिटांत आम्ही बाहेर होतो आणि फाल्कचा हात ओव्हरबेकबाईंनी दोन्ही हातांत धरून दाबला होता.

जिन्यात मी त्याला गाठलं. “मूर्खा! गाढवा! तिथं नाटक कशाला केलंस?”

तो कठड्याला टेकला. सरदार तेवढ्यात कुठं गेला कोण जाणे, तिथं एक थकलेला माणूस उभा होता. “मला नाही येत गं. समोर दोन माणसं बसली, माझ्याकडं बघायला लागली, की माझं सुरू होतं. मी थांबवायला गेलो तर खाली काहीच नसतं. ओळच नसते.”

“मी दिली होती ना ओळ!”

“ती तुझी होती.”

“आत्ता परत जा. वर जाऊन सांग.”

“काय सांगू? मघाशी बोललो ते खोटं होतं? मग पुढचं खरं कशावरून?”

मी त्याला आणखी दोन शिव्या दिल्या आणि घरी जाऊन भांडी आपटली. मला त्याची कीव येत होती आणि त्याहून जास्त चीड येत होती. अन्याय झाला असता तर मी बाईंशी भांडले असते, युनियनकडं गेले असते. इथं भांडायचं कुणाशी? ज्याचं नुकसान होत होतं त्यानंच ते इतकं सुरेख वठवलं होतं.

नंतर गावात काही लोक म्हणायला लागले, की फाल्कनं तरुणांसाठी त्याग केला. ऊलिगबाईंनासुद्धा तसं वाटलं. मी त्यांना तिथल्या तिथं गप्प केलं. कसला त्याग? त्याला लाज वाटली, बस्स. मागायची लाज. लोकांसमोर उघडा होऊन नाचणारा, मुडदा होऊन पडणारा माणूस, पण मला हवंय म्हणायचं तर त्याची दातखीळ बसते.

रविवारी त्याच्या मळ्यात कॉफीला गेले. शहराच्या कडेला रांगेत छोटे छोटे तुकडे असतात, प्रत्येकाचं एक खोपटं, चार झुडपं, एक कुंपण. त्याच्या आईनं आलुबुखारांचा केक केला होता. म्हातारी ऐंशीच्या पुढची, पण कान शाबूत.

“काय म्हणाल्या तुझ्या नव्या बाई?” तिनं विचारलं.

“उत्तम भेट झाली, आई. अतिशय मोकळेपणानं बोलणं झालं. सगळं व्यवस्थित होईल.”

म्हातारीनं सुरी खाली ठेवली. “गुद्रुन, हा खोटं बोलतोय ना?”

“मला काय विचारता? त्यालाच विचारा.”

“विचारायला कशाला हवं? खोटं बोलताना याचे उच्चार फार स्वच्छ होतात. लहानपणी असा नव्हता. शाळेनं बिघडवला.” मग त्याच्याकडं वळून, “काढलं का रे तुला?”

फाल्क केकच्या तुकड्याकडं बघत राहिला. “काढणार.”

“तू काय म्हणालास त्यांना?”

“म्हटलं, काढा. माझं काही अडत नाही.”

“आणि अडतंय?”

आईनं त्याच्या ताटलीत आणखी एक तुकडा ठेवला. “फाल्क्या, मी गिरणीत होते तेव्हा मला तिसरी पाळी नको होती. तू घरी एकटा असायचास. मी फोरमनकडं गेले आणि चक्क रडले. सगळ्या बायकांसमोर. दिसायला फार वाईट दिसले असेन. पण पाळी बदलली त्यानं. तुला चांगलं दिसायचंय की राहायचंय?”

मी तिथून लवकर निघाले. त्या दोघांच्या मध्ये मला बसवेना.

मंगळवारी सकाळी प्रकाशयोजनेची तालीम होती. नवं नाटक ओव्हरबेकबाई स्वतःच बसवत होत्या. अशा तालमीत संवाद नसतात. नटांच्या जागी कुणीतरी नुसतं उभं राहायचं आणि दिवे त्याच्यावर लावून बघायचे. तासन् तास चालणारं कंटाळवाणं काम, त्यामुळे कुणी तयार नसतं. फाल्क अर्थातच हो म्हणाला होता. त्या नाटकात त्याला भूमिकाही नव्हती. माझं तिथं काही काम नव्हतं. त्याच्यावर नजर ठेवायला म्हणून गेले आणि कुणी हटकू नये म्हणून संहिता मांडीवर घेऊन आपल्या खुर्चीत बसले. बाई मागं मधल्या रांगेत, टेबलाशी. वर काचेच्या खोलीत दिव्यांचा डेटलेफ. तो गेली कित्येक वर्षं तिथून स्पीकरवरच बोलतो. खाली उतरून बोललेला मी त्याला पाहिलेला नाही.

“फाल्क, एक पाऊल मागं. हनुवटी वर. बास,” स्पीकरमधून डेटलेफ.

समोरचा मोठा दिवा लागला. त्या उजेडात नटाला प्रेक्षागृह दिसत नाही, नुसता काळोख दिसतो. फाल्क जुन्या स्वेटरमध्ये उभा होता, हात खाली सोडलेले. बाई आणि डेटलेफ दिव्याच्या रंगावरून बोलत होते. जरा पिवळा, नको, परत पांढरा. मध्येच फाल्क बोलायला लागला.

“ओव्हरबेकबाई.”

“हं?”

“मला… म्या त्या दिवशी खोटं बोललो. मला कुटं जायचं न्हाई. जपान नि कायबी न्हाई. कुनी बोलावल्यालं न्हाई मला. मला हितंच ऱ्हायचंय.”

अगदी आमच्या गावाकडची बोली. त्या रंगमंचावर मी त्याच्या तोंडून ती पहिल्यांदा ऐकली. आवाज चिरका, श्वास चुकीच्या जागी घेतलेला, शेवटचा शब्द तर ओठांतच राहिला. नाट्यशाळेत असं कुणी म्हटलं असतं तर दाराबाहेर काढलं असतं. मला तो जे काही म्हणाला ते शब्दन् शब्द आठवतं.

काळोखातून बाई म्हणाल्या, “हे कुठल्या नाटकातलं?”

त्यांचा दोष नाही. रंगमंचावर उभा, तोंडावर दिवा, परक्या बोलीत बोलणारा नट. मलाही दुसऱ्या कुणाबद्दल तसंच वाटलं असतं. फाल्कजवळ होतं ते सगळं बोलून झालं होतं. मी उठले, मागं वळले आणि संहिता डोक्याच्या वर धरली.

“बाई, मी प्रॉम्प्टर आहे. हे कुठल्याच नाटकातलं नाही. हे त्याचं आहे.”

टेबलावरचा छोटा दिवा लागला. बाई उभ्या राहिल्या होत्या, चष्मा कपाळावर.

“मग त्या दिवशी काय होतं ते?”

“त्या दिवशी दुसरा अंक होता,” मी म्हटलं. “विनोदी नाटकातला.”

बाई हसल्या नाहीत. टेबल मागं टाकत, रांगांमधून वाट काढत त्या पुढं आल्या आणि रंगमंचाच्या काठाशी थांबल्या. फाल्कला त्या आता दिसत होत्या. मला भीती वाटली, की दिसल्या म्हणजे याचं परत सुरू होणार. पण त्यानं हातसुद्धा हलवले नाहीत.

“नॉयबर्ट, मी तुमच्या जागी अजून कुणाला शब्द दिलेला नाही. या आठवड्यात देणार होते. मोठ्या भूमिका मी तरुणांनाच देणार, त्यात बदल नाही. तुम्हाला नोकर, शेजारी, सासरे, सकाळची पाणभुतं मिळतील. कदाचित वर्षानुवर्षं. कुरकुर चालणार नाही.”

“चालंल.”

“नीट विचार करा.”

“केलाय. चालंल मला.”

“मग राहा,” बाई म्हणाल्या. एवढंच. आणि आपल्या टेबलाकडं परत निघाल्या.

फाल्क जागचा हलला नाही. त्याला दिवा लावून घेण्यासाठी तिथं उभं केलं होतं आणि अजून कुणी हल म्हटलं नव्हतं. मी या माणसाला शेकडो वेळा रडताना पाहिलंय. आठवड्याला पाच प्रयोग, ठरलेल्या वाक्याला, ठरलेल्या डोळ्यातून, एक थेंब गालाच्या मध्यावर येऊन थांबायचा. आता तो रडायला लागला ते तसं नव्हतं. तोंड वेडंवाकडं झालं, नाक गळायला लागलं, खांदे हिसके द्यायला लागले. त्यानं बाहीनं चेहरा पुसला तर बाही ओली झाली. बघवत नव्हतं. आणि समोरचा तो मोठा पांढरा दिवा त्याच्या तोंडावर तसाच.

मी वर काचेकडं पाहिलं. कुणी काही सांगितलं नव्हतं, बाईंची अजून पाठच होती. पण डेटलेफनं दिव्याचा उजेड हळूहळू उतरवला. आधी चेहरा गेला, मग स्वेटर, मग पायांखालच्या फळ्या, आणि शेवटी फाल्क काळोखात एकटा राहिला. स्पीकर करकरला.

“फाल्क, तुझा वेळ घे,” डेटलेफ म्हणाला. “मी बल्ब बदलतोय.”